कान्होले देल्ली

अकोल्याचे भगवंतराव वकील आपले परीक्षक नेमले गेलेत, हे उद्धवला कॉलेजच्या व्हरांड्यात कळलं आणि तो पुढचा तास घ्यायचाच विसरला.

भगवंतरावांनी कोर्ट सोडून पुष्कळ वर्षं झाली होती, पण उलटतपासणीची खोड काही सुटली नव्हती. गुडघे तेवढे गेले होते, म्हणून विद्यापीठानं उद्धवची तोंडी परीक्षा अमरावतीऐवजी अकोल्याला, त्यांच्या घरीच ठेवली होती. इतिहासाच्या प्रबंधात कुणी एखादा आधार दिला, की हे गृहस्थ चष्म्यावरून बघत एवढंच विचारीत, "हे तुमी सोता पाह्यलं का?" पाहिलं म्हणालं, तर पुढचा प्रश्न, "मंग काय दिसलं?" नाही म्हणालं, तर प्रबंध मिटून ते आत चहा सांगत. चहा आला की परीक्षा संपली असं समजायचं आणि कप रिकामा करून स्टेशनची वाट धरायची. असा चहा पिऊन आलेले दोघेजण उद्धवच्या माहितीचे होते. एकानं नंतर किराणा दुकान घातलं.

उद्धवला किराणा दुकान घालायचं नव्हतं. तो कॉलेजात हंगामी शिकवत होता. प्रबंध पास झाला तर नोकरी कायम होणार होती, नाही तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दुसरा माणूस येणार होता. शाळेतली जुनी नोकरी त्यानं कॉलेजच्या भरवशावर आधीच सोडली होती. आता मागे फिरायला वाट नव्हती.

प्रबंध होता वऱ्हाडातल्या जुन्या सरदार घराण्यांवर. बाकीची घराणी त्यानं घाम गाळून तपासली होती, पण सगळ्यांत देखणं प्रकरण होतं सरदार कान्होल्यांचं, आणि नेमकं तेच त्यानं न पाहता लिहिलं होतं. शेंदूरजनाघाटाकडे एका विहिरीवर या सरदाराचा शिलालेख आहे म्हणतात. 'कान्होले, दिल्ली' असा. पुण्याच्या एका विद्वानानं तो आपल्या ग्रंथात प्रथम छापला. पुढे नागपूरच्या एका लेखकानं सांगितलं, की कान्होले मराठी फौजेबरोबर दिल्लीवर गेले आणि लूट घेऊन परतले. तिसरा ग्रंथ उद्धवचे मार्गदर्शक मोरोपंत यांचा. त्यांनी तर कान्होल्यांना दिल्लीच्या वेशीवर जखमी केलं होतं आणि त्या जखमेच्या नवसाची म्हणून विहीर बांधली होती. तीन ग्रंथ, तिन्ही नामांकित, तिन्ही पक्क्या बांधणीचे. इतके आधार असताना दगड बघायला कोण कशाला जातो?

पण आता भगवंतराव विचारणार होते. उद्धवनं मोरोपंतांना सांगितलं, की परीक्षेआधी शिळा एकदा डोळ्यांखालून घालून येतो.

मोरोपंत तपासत होते ते पेपर तपासतच राहिले. "कशाला तसदी घेता, उद्धवराव? छापील आधार आहेत ना? दगडाला काय बघायचं?"

मोरोपंत बोलत ते थेट सदाशिव पेठेतलं. मूळचे वऱ्हाडातल्या दर्यापूरचे, हे ऐकून लोक चकित होत. उद्धव स्वतः अचलपूरचा. तो पुण्याला शिकायला गेला तेव्हा पहिल्याच पंगतीत 'मले भात वाढा' म्हणाला होता. पंगत अशी हसली, की पुढे महिनाभर त्याला पोरं 'मले' म्हणूनच हाक मारत होती. त्यानं ती वऱ्हाडी बोली जिभेवरून खरवडून काढली, आणि ज्या मोरोपंतांनी ती आपल्याआधी खरवडली, त्यांना गुरू मानलं. एरवी त्यांचा शब्द म्हणजे कायदा. पण या खेपेला भगवंतरावांची भीती मोरोपंतांच्या आदरापेक्षा मोठी निघाली, आणि रविवारी उद्धव मोर्शी-वरूडकडच्या सर्व्हिस मोटारीत बसला.

मोटार खडखडत होती आणि उद्धव मनात परीक्षा देत होता. हो, पाहिलं. काय दिसलं? तेच दिसलं, जे ग्रंथांत आहे. एवढं म्हणता आलं की झालं. त्यानं अंबादेवीला नारळसुद्धा बोलला.

ग्रंथ म्हणत होते, विहीर वर्धेच्या काठी आहे. तिन्ही ग्रंथ तसंच म्हणत होते. वरूडला उतरून त्यानं टांगेवाल्याला वर्धेच्या काठची कान्होल्यांची विहीर विचारली, तर तो म्हणाला, "वर्धा कुठं नि शेंदूरजना कुठं, बावा! थे हीर उत्तमरावच्या बागात हाये. नदीचा कायचा संबंध?"

उद्धव टांग्यात बसला आणि मनात हिशेब करू लागला. एक माणूस चुकला तर समजू शकतं. तीन विद्वान, तीन गावांचे, तिघंही नदीच्या बाबतीत चुकले, आणि तिघंही नेमके एकाच नदीच्या बाबतीत? शाळेत दोन पोरांच्या पेपरात बरोबर उत्तर सारखं आलं तर मास्तर काही म्हणत नाही. चूक सारखी आली, की कान धरतो. हे उद्धवनं स्वतः कितीदा केलं होतं, आणि आज त्याचाच कान गरम झाला.

उत्तमराव भेटले ते संत्र्यांच्या राशीशी. गडी भरभक्कम, फेटा तिरपा. कॉलेजातले प्रोफेसर आलेत म्हटल्यावर त्यांनी बागेच्या फाटकावरची नवी पाटी आधी दाखवली. 'सरदार कान्होले बाग.'

"आमी त्याइच्याच वंशातले," ते म्हणाले. "आधी आमाले मालूमच नोतं. पुस्तकात आलं तवा समजलं."

"घरात कुणी सांगत होतं का तसं?" उद्धवनं विचारलं.

"घरात कोन सांगन? घरचे लोक अडानी. पन छापलं हाये ना? छापलेलं खोटं कसं असन?"

हाच प्रश्न आणि हेच उत्तर घेऊन उद्धव तीन वर्षं प्रबंध लिहीत होता. फरक एवढाच, की उत्तमरावांनी नुसती पाटी लावली होती.

विहिरीच्या तोंडाशी ती शिळा उभी होती. बायका तिला हिरीचा देव म्हणत, सणावाराला शेंदूर लावत. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून तिच्यावर जाड खोळ झाली होती, त्यातून फक्त खालची ओळ उघडी राहिली होती. "पन औंदा देवानं खोळ टाकली," उत्तमराव म्हणाले. देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच आपोआप गळून पडतं, त्याला खोळ टाकणं म्हणतात, आणि ती कुणी मुद्दाम काढत नाही. "आता वरतही कायतरी अक्षरं दिसून राहिले. तुमीच वाचा."

उद्धव वाकला. आधी त्यानं खालची ओळ पाहिली. अक्षरं ओबडधोबड, पण स्वच्छ होती. कान्होले देल्ली.

दिल्ली नव्हे, देल्ली. मात्रा चांगली खोल कोरलेली.

त्यानं ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं, आणि पुण्यात खरवडून काढलेलं सगळं एका क्षणात जिभेवर परत आलं. देल्ली म्हणजे दिली. कान्होले म्हणजे कान्होला. मले, तुले, त्याले, कान्होले! अचलपूरच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही हे वाचलं असतं. घाबरत घाबरत त्यानं वरची ओळ बोटानं पुसली. 'पुंजाई माळनीनं हीर खांदून लेक'.

पुंजाई माळणीनं विहीर खणून ती आपल्या लेकाला, कान्होला दिली. बस्स, एवढंच. फौज नाही, लूट नाही, वेशीवरची जखम नाही. सरदार कान्होले नावाचा मनुष्य या पृथ्वीतलावर कधी झालाच नव्हता. होता तो एका माळणीचा लेक, आणि त्याला दिल्लीपर्यंत नेलं होतं तीन विद्वानांनी. पहिल्यानं कुणाकडून तरी टपालानं ओळ उतरवून मागवली असणार, नि 'देल्ली'ची 'दिल्ली' केली. दुसऱ्यानं पहिल्याचं घेतलं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं. आणि चौथा इथे शेंदरानं बोटं माखून बसला होता.

"काय लिवलं हाये?" उत्तमरावांनी विचारलं.

"नीट लागत नाही," उद्धव म्हणाला. उत्तमरावांनी प्रेमानं टोपलीभर संत्री बांधून दिली, ती नको म्हणायचीही त्याला ताकद राहिली नाही.

परतीच्या मोटारीत भीतीला दोन तोंडं फुटली होती. शिळा पाहिली नाही म्हणावं, तर भगवंतराव चहा सांगणार. पाहिली म्हणावं, तर काय दिसलं ते सांगावं लागणार. आणि ते सांगायचं म्हणजे मोरोपंतांच्या देखत, मोरोपंतांचा ग्रंथ खोटा आहे असं म्हणायचं. परीक्षेला मार्गदर्शकानं हजर राहायचा नियम होता. नोकरी कायम करण्याच्या शिफारशीवर सही मोरोपंतांचीच लागणार होती. इकडे आड तिकडे विहीर असं लोक म्हणतात. उद्धवच्या नशिबी दोन्हीकडे तीच विहीर होती.

अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या घरी अनसूयेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याचा चेहरा पाहिला आणि हातातलं पीठ तसंच ठेवलं.

"असे काहून दिसून राहिले? ताप आला का?"

त्यानं सगळं सांगितलं. 'कान्होले देल्ली' म्हटल्याबरोबर ती हसायला लागली, आणि त्याला हसू येत नाही हे पाहून थांबली.

"मंग सांगून टाका पंताइले," ती म्हणाली. "चुकले तर चुकले. मानूसच हायेत थे."

"तुला काय जातं सांगायला? त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. मी असं बोललो तर ते मला दारात उभं करतील का?"

"आन नाई सांगतलं तर थो अकोल्यावाला उभा करन?"

उद्धव दुसऱ्या दिवशी संत्री घेऊन कॅम्पात मोरोपंतांच्या बंगल्यावर गेला. सांगायचंच असं ठरवून गेला. फाटकाशी त्यानं वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

मोरोपंत दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होते. त्यांनी मान वर केली. "जाऊन आलात?"

"हो."

"काय पाहिलंत?"

मोरोपंतांनी हे इतक्या हळू विचारलं, की उद्धवला ती धमकीच वाटली. "संत्री," तो म्हणाला. "संत्री पाहिली. तुमच्यासाठी आणली आहेत." आणि टोपली टेबलावर ठेवून तो जवळजवळ पळालाच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. रस्त्यात त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की भेटलेल्या विद्यार्थ्याच्या नमस्काराकडेही त्यानं पाहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी दोघं एकाच गाडीनं अकोल्याला गेले. बडनेऱ्याला गाडी बदलताना मोरोपंत म्हणाले, "कान्होल्यांवर फार बोलू नका. ते प्रकरण निर्विवाद आहे." उद्धवनं बरं म्हटलं. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, आणि तो प्रबंधातलं ते एकच प्रकरण पुन्हा पुन्हा उघडून मिटत राहिला.

भगवंतरावांचं घर मोर्णा नदीच्या बाजूला होतं. खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत पुस्तकं आणि मधोमध पाय शेकत बसलेले भगवंतराव. त्यांनी पहिली घराणी भराभर घेतली. पाहिलं का? पाहिलं. काय दिसलं? उद्धव सांगत गेला, भगवंतराव हुं हुं करत गेले. एकदा तर ते "हे चांगलं केलं" असंही म्हणाले. उद्धवला वाटलं, आता ते दमतील, पानं उलटतील, आणि कान्होले तसेच निघून जातील. देवा, जाऊ दे.

भगवंतरावांचं बोट थांबलं. "हे कान्होले. तीन आधार देल्ले तुमी. शिळा पाह्यली का?"

उद्धवनं मोरोपंतांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. 'ना' जिभेवर येऊन बसला होता. पण त्याला उत्तमरावांची पाटी आठवली. आपला प्रबंध छापला जाईल, मग पाचवा कुणी आपला आधार देईल, आणि हा माळणीचा लेक आणखी एक लढाई मारून येईल. याचीही त्याला भीती वाटली, आणि नवल म्हणजे ती भीती बाकीच्या दोन्ही भीतींच्या वर चढली.

"पाहिली," तो म्हणाला.

"काय दिसलं?"

"पुंजाई माळनीनं हीर खांदून लेक कान्होले देल्ली."

हे त्यानं म्हटलं ते शिळेवर होतं तसंच, अचलपुरी हेलात. भगवंतराव आधी गोंधळले, मग त्यांच्या भुवया वर गेल्या, मग त्यांचं सबंध पोट हलायला लागलं. "म्हंजे दिल्ली...?"

"दिल्ली नाही. देल्ली. आणि आधार तीन नाहीत. एकच आहे." उद्धवला आता थांबता येत नव्हतं. "तिघांनीही विहीर वर्धेच्या काठी घातली आहे. तिथे नदीच नाही. पहिल्याची चूक दुसऱ्यानं घेतली, दुसऱ्याची तिसऱ्यानं. साक्षीदार तीन, पण तोंड एक. मी ते ओळखायला हवं होतं. मी नुसती नावं मोजली."

"मंग प्रबंधात असं काहून नाई?"

"प्रबंध दिल्यावर गेलो. आणि नंतर सांगायची भीती वाटली."

"कोनाची?"

उद्धवनं नजर समोरच्या प्रबंधावरच ठेवली. भगवंतराव हसायचे थांबले. त्यांनी मोरोपंतांकडे वळून विचारलं, "पंत, तुमी कधी गेलते का थ्या हिरीवर?"

"नाही," मोरोपंत म्हणाले. "मला योग आला नाही."

भगवंतरावांनी चहा सांगितला नाही. त्यांनी पेन्सिलीनं त्या प्रकरणावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, हे काढा, याच्या जागी हे तीन ग्रंथ एकच कसे ते लिहा, तिघांची नावं घालून लिहा, आणि लिहून माझ्याकडे धाडा. मग पास करतो. उद्धव उठला तेव्हा त्याला आनंद झाला नाही. तिघांची नावं घालून, हेच शब्द त्याच्या कानांत घुमत राहिले. तिसरं नाव शेजारी उभं राहून छत्री शोधत होतं.

स्टेशनपर्यंत मोरोपंत बोलले नाहीत. गाडीत बसले, समोरासमोर. डब्यात दुसरं कुणी नव्हतं, आणि उद्धवला कुणीतरी चढावं असं फार वाटत होतं. आता बोलतील, मग बोलतील. शिफारशीचं काय, ते विचारायची हिंमत नव्हती. मूर्तिजापूर आलं नि गेलं.

"पंत," शेवटी तोच म्हणाला, "मला क्षमा करा. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होतात?"

"शिळेवर काय आहे ते."

मोरोपंतांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा अगदी वेगळा, खेड्यातल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

"मी गेलतो थ्या हिरीवर," ते म्हणाले.

उद्धवला आधी कळलंच नाही, की हे कोण बोललं.

"पुस्तक छापून झालं, त्याच साली गेलतो. म्हनलं, पाहून तर येवाव, आपल्या सरदाराची हीर. दगड पाह्यला नि तसाच मांगं फिरलो. टांगेवाल्यालेही तोंड दाखवाची लाज वाटली."

"पण पंत, तेव्हा वरची ओळ खोळीखाली होती. तुम्हाला कसं..."

"अरे, मी दर्यापूरचा!" मोरोपंतांचा आवाज फाटला. "खालची वाचाले वरची कायले पायजे?"

गाडी धडधडत होती. उद्धवला त्यांच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघता येईना. इतके दिवस ज्याला तो भ्यायला, तो मनुष्य समोर बसून लहान मुलासारखा उपरण्यानं डोळे पुसत होता.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"मले भेव लागलं. पुन्यावाले हसतीन. म्हनतीन, याले याचीच भाषा वाचता येत नाई. येत होती रे. येत होती, म्हनून तर जास्त भेव." ते थोडं थांबले. "आन आज भगवंतरावानं सरळ विचारलं, तू समोर सांगतलंही होतं, तरी मी नाईच म्हनलो. पाह्यलं ना तू? इतक्या वर्सांनीही गेलं नाई थे."

बडनेऱ्याचे दिवे दिसायला लागले. गाडी हळू झाली. मोरोपंतांनी चष्मा चढवला, छत्री हातात घेतली, आणि दाराशी गेल्यावर मागे वळले.

"नोकरीचं भेव ठेवू नको, सही मी करन. थे प्रकरण लिही. माह्यं नाव घाल, मी शिळा पाहून चूप बसलो हेही घाल. पन आजच लिही उद्धवा, नि मले वाचून दाखव. उद्यापावतर मले पुन्हा भेव लागन."